मूळ सापडत नाही असा कॅन्सर: ऑपरेशन कधी, केमो कधी आणि शोधाशोध कुठे थांबवायची

बायोप्सीचा रिपोर्ट येतो. त्यात लिहिलेलं असतं की लिव्हरमधली गाठ कॅन्सरचीच आहे, पण तो लिव्हरचा कॅन्सर नाही, दुसरीकडून आलाय, आणि कुठून ते सांगता येत नाही. मग नातेवाईक खिडकीवर येतात, "मॅडम, कुठला कॅन्सर ते टाईप करायचं राहिलंय बहुतेक, जरा बघता का." राहिलेलं नसतं हो, रिपोर्ट तेवढाच असतो. मी हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे शरीरातले तुकडे तपासायच्या, लॅबमध्ये टेक्निशियन आहे, रिपोर्टवर सही पॅथॉलॉजिस्टची असते, पण हा प्रश्न पहिल्यांदा आमच्याकडे येतो म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून टाकू. तुमच्या पेशंटचं काय करायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील, मी फक्त हे सगळं चालतं कसं ते सांगते.

कॅन्सर ज्या अवयवात सुरू होतो तो त्याच जातीचा राहतो. ब्रेस्टचा कॅन्सर हाडात गेला तरी तो ब्रेस्टचाच, औषधंपण ब्रेस्टचीच द्यायची. कांद्याच्या वाफ्यात मेथी उगवली म्हणून तिचा कांदा होत नाही, तसं. आता काही पेशंटमध्ये होतं असं की पसरलेली गाठ दिसते, तुकडा काढून तपासला तर कॅन्सर नक्की, पण नेहमीच्या सगळ्या तपासण्या करूनसुद्धा सुरुवात झाली ती जागा दिसतच नाही. याला डॉक्टर लोक अननोन प्रायमरी म्हणतात, किंवा शॉर्टमध्ये सीयूपी. पुस्तकांत याचं प्रमाण एकूण कॅन्सरच्या ३ ते ५ टक्के दिलेलं असतं, तपासण्या सुधारल्या तसं काही देशांत ते अजून खाली आलंय.

मग मूळ गेलं कुठे? कधी ते इतकं बारीक असतं की कुठल्याच स्कॅनवर येत नाही. कधी शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच मूळ गाठ संपवलेली असते पण तिथून आधीच निघालेल्या पेशी वाचतात. आणि कधी काही वर्षांपूर्वी एखादा तीळ किंवा छोटी गाठ काढलेली असते आणि ती तपासायला न पाठवता कचऱ्यात टाकलेली असते. हे शेवटचं ऐकलं की माझं डोकं फिरतं, शरीरातून काढलेला कुठलाही तुकडा तपासायला गेलाच पाहिजे, कितीही साधा वाटला तरी. असो. १९४४ ते २००० या काळात अशा ८८४ पेशंटची शवविच्छेदनं झाली होती, ती एकत्र करून बघितली तेव्हा ७३ टक्क्यांत मूळ सापडलं, सगळ्यात जास्त फुफ्फुस आणि स्वादुपिंडात. म्हणजे उरलेल्या २७ टक्क्यांत शरीर उघडून बघूनही सापडलं नाही. त्यामुळे "डॉक्टरला साधं मूळ शोधता येत नाही" असं म्हणून रागावून तिसऱ्या-चौथ्या हॉस्पिटलकडे पळण्याआधी हा आकडा लक्षात ठेवा.

माझं म्हणणं सरळ आहे. मूळ कुठे हा प्रश्न तोपर्यंतच विचारायचा जोपर्यंत उत्तरामुळे ऑपरेशन किंवा औषध बदलणार आहे. त्याच्यापुढे शोधत बसलं की पेशंटचे आठवडे जातात, वजन जातं, पैसे जातात, आणि केमो झेपेल अशी तब्येत होती ती राहत नाही. पण याची दुसरी बाजू अशी की जे शोधायचं ते सुरुवातीलाच नीट शोधायला पाहिजे, कारण यात काही छोटे ग्रुप आहेत ज्यांचं नशीब बाकीच्यांपेक्षा खूपच चांगलं असतं आणि घाईत ते सुटू शकतात.

सगळ्यात आधी लागतो तुकडा, आणि तो पुरेसा लागतो. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण हे माझं काम आहे आणि घोळ सगळ्यात जास्त इथेच होतात. पातळ सुईच्या तपासणीत, एफएनएसीमध्ये, सुट्या पेशी मिळतात, कॅन्सर आहे का तेवढं कळायला बऱ्याचदा पुरतात. पण मूळ ओळखायचं तर जाड सुईने, सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत बघत दोऱ्यासारखे तुकडे काढावे लागतात, ती ट्रूकट बायोप्सी. (सुई लावली की कॅन्सर पसरतो म्हणून बायोप्सीला नाही म्हणणारे अजून भेटतात. तो धोका अगदी थोडा असतो, आणि बायोप्सीशिवाय सहसा कुणी औषध ठरवू शकत नाही, त्यामुळे हा विषय इथेच सोडा.) तुकडे निघाले की लगेच १० टक्के फॉर्मलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवणाऱ्या द्रावणात, टाकायचे. आमच्याकडे कधी सलाईनमध्ये येतात, कधी इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत नुसतेच कोरडे, सुकून काळपट पडलेले, आणि अशा तुकड्यावर कितीही महागडी टेस्ट लावा, धड काही निघत नाही, पेशंटला परत टोचून घ्यावं लागतं.

फॉर्मलिनमधून तुकडा मशीनमध्ये जातो, त्यातलं पाणी काढून मेण भरलं जातं आणि एका प्लास्टिकच्या कॅसेटवर मेणाचा छोटा चौकोन तयार होतो. हा ब्लॉक. कॅसेटच्या कडेवर नंबर पेन्सिलने लिहितात, कारण साध्या पेनची शाई प्रोसेसिंगच्या केमिकलमध्ये निघून जाते. त्या ब्लॉकमधून ३-४ मायक्रॉन जाडीच्या चकत्या कापायच्या, कोमट पाण्यावर सोडायच्या, आणि सुरकुती न पडता काचेवर उचलायच्या. एक टेस्ट म्हणजे एक चकती. ब्लॉक दर वेळी नव्याने मशीनवर लावला की लेव्हल करताना थोडा माल वाया जातोच, त्यामुळे तुकडा वाटतो त्याच्याआधी संपतो. म्हणून शहाणे पॅथॉलॉजिस्ट सरसकट पंचवीस टेस्ट लावत नाहीत, आधी पाच-सहा लावतात, त्यावरून पुढच्या ठरवतात, आणि जीन टेस्टिंगसाठी थोडा माल राखून ठेवतात.

या चकत्यांवर होते ती आयएचसी. म्हणजे एक ठरावीक अँटिबॉडी टाकायची, ती ज्या प्रोटीनसाठी बनवलीय ते पेशीत असेल तरच चिकटते, आणि चिकटली तिथे तपकिरी रंग येतो, नाहीतर पेशी नुसत्या निळसर दिसतात. फुफ्फुसाच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात (ग्रंथीसारख्या पेशींचा कॅन्सर) बऱ्याचदा टीटीएफ-१ तपकिरी येतं, मोठ्या आतड्यात सीके२० आणि सीडीएक्स२, ब्रेस्टमध्ये गाटा३ आणि ईआर, किडनी किंवा अंडाशयाकडचं असेल तर पॅक्स८. यातलं एकही शंभर टक्के नाही, टीटीएफ-१ थायरॉईडमध्येही येतं आणि गाटा३ मूत्राशयाच्या कॅन्सरमध्येही, म्हणून दोन-चार एकत्र वाचून अंदाज करायचा असतो. आणि या सगळ्याच्या आधी बघायचं ते हे की हा खरंच कार्सिनोमा (अवयवांच्या अस्तराचा किंवा ग्रंथींचा कॅन्सर) आहे का लिम्फोमा (लसिका ग्रंथींच्या पेशींचा) आहे, का मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा). लिम्फोमा निघाला तर अख्खी गोष्टच बदलते, त्याची औषधं वेगळी आणि पसरलेला असला तरी बरा होण्याची शक्यता बऱ्याचदा चांगली.

एक कामाची गोष्ट सांगते. दुसऱ्या हॉस्पिटलला जाताना नुसती फाईल नेऊ नका, अर्ज करून ब्लॉक आणि स्लाईड्स मागून घ्या, मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत, परेलच्या टाटा मेमोरियलला गेलात तरी, बाहेरचे ब्लॉक परत तपासले जातात. आणि मे महिन्यात तो ब्लॉक गाडीच्या काचेपाशी ठेवू नका, मेण आहे ते, वितळतं.

तुकड्यासोबत बाकीच्या तपासण्या चालू असतात. छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी सगळ्यांचा. बायकांची मॅमोग्राफी, पुरुषांचं पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी. आणि डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, ब्रेस्ट, वृषण, गुदद्वार, सगळी त्वचा, यात लाजून काही लपवू नका, कधी कधी मूळ तिथेच समोर असतं. एन्डोस्कोपी आणि कोलोनोस्कोपी मात्र सगळ्यांना लागत नाहीत, शौचातून रक्त जातंय, गिळताना अडकतंय असं काही असेल तरच. आणि ते "फुल कॅन्सर पॅनेल" नावाचं रक्ततपासणीचं पॅकेज, त्याचं मला अजिबात कौतुक नाही. सीईए आणि सीए १९-९ हे आकडे कितीतरी वेगवेगळ्या कॅन्सरमध्ये वाढतात, मूळ काही सांगत नाहीत. उपयोगाचे मोजकेच: पुरुषांत पीएसए, तरुण पुरुषांत एएफपी आणि बीटा एचसीजी, पोटात पाणी झालेल्या बायकांत सीए-१२५.

पेट स्कॅनबद्दल लोकांना वाटतं की तो केला की सगळं उजेडात येतं. पेटमध्ये किरणोत्सारी साखर शिरेतून देतात आणि ज्या पेशी जास्त साखर खातात त्या चमकतात. पण मेंदू चमकतो, मूत्राशय चमकतं, आणि आपल्याकडे मुख्य पंचाईत म्हणजे टीबीच्या गाठीपण मस्त चमकतात. अननोन प्रायमरीत पेटमुळे मूळ सापडतं ते ढोबळ मानाने तिघांपैकी एकात. वाईट नाही, पण खात्रीचंही नाही.

आता ज्यांचं नशीब चांगलं ते ग्रुप. सगळे मिळून १५ ते २० टक्के पेशंट यात येतात, आणि ऑपरेशनचा खरा उपयोग मुख्यतः यांच्यातच आहे.

बाईच्या काखेत गाठ आहे, तपासणीत अ‍ॅडेनोकार्सिनोमा आलाय, आणि बाकी अंगात कुठेच काही नाही. मॅमोग्राफी नॉर्मल असली तरी हा ब्रेस्टचा कॅन्सर धरूनच चालायचं असतं. ब्रेस्टचा एमआरआय केला तर निम्म्याहून जास्त जणींत मूळ दिसतं. नाही दिसलं तरी काखेतल्या गाठी ऑपरेशनने साफ करतात, त्या बाजूच्या ब्रेस्टला रेडिएशन देतात किंवा ब्रेस्ट काढतात, आणि केमो, हार्मोनच्या गोळ्या वगैरे सगळं ब्रेस्टसारखंच, आणि हे बरं करण्याच्या उद्देशाने दिलं जातं. इथे "चौथी स्टेज आहे, काही उपयोग नाही" असं जर कुणी घरच्यांना सांगितलं तर दुसरं ओपिनियन घ्यायलाच पाहिजे.

दुसरा ग्रुप पण बायकांचाच. पोट फुगतं, पाणी काढतात, पाण्यात कॅन्सरच्या पेशी सापडतात, सीए-१२५ वाढलेलं, तुकड्यात सिरस टाईप (अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये नेहमी दिसणारा प्रकार), आणि अंडाशयं स्कॅनवर ठीकठाक. याला अंडाशयाच्या तिसऱ्या स्टेजच्या कॅन्सरसारखं वागवतात. बऱ्याचदा आधी तीन सायकल (ठरावीक दिवसांनी दिलेल्या फेऱ्या) केमो, मग मोठं ऑपरेशन, मग राहिलेल्या तीन सायकल. ऑपरेशनमध्ये गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, आतड्यावरचा चरबीचा पडदा आणि पोटाच्या आतल्या अस्तरावरचे दाणे, जेवढं डोळ्यांना दिसतं तेवढं सगळं काढायचा प्रयत्न असतो, आणि काय उरलं यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. त्यामुळे हे ऑपरेशन ज्या सर्जनचं नेहमीचं काम आहे त्याच्याकडेच करावं, जवळचं हॉस्पिटल सोयीचं पडतं म्हणून तिथे नको.

मानेतल्या गाठीबद्दल थोडं जास्त लिहायला पाहिजे कारण आपल्याकडे तंबाखू, मिश्री आणि टीबी हे तिन्ही एकाच गल्लीत राहतात. मानेत गाठ दिसली की एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, सुरू, तपासणी न करताच, आणि दोन-तीन महिने गोळ्या खाऊन गाठ मोठीच होत चाललीय तरी कुणी सुई लावत नाही, अशा कहाण्या आमच्या खिडकीवर नियमित ऐकायला मिळतात. टीबी असेलही, पण ते सुईने बघून ठरवा ना. आणि उलटपक्षी मानेतली गाठ थेट चिरून अर्धीमुर्धी काढणं पण चूक, कारण पुढे मानेचं मोठं ऑपरेशन करताना तोच भाग चिकटलेला असतो. आधी सुई, मग पुढचं.

सुईत स्क्वॅमस सेल (त्वचा आणि तोंड-घशाच्या अस्तरातल्या चपट्या पेशींचा कॅन्सर) आलं आणि गाठ मानेच्या वरच्या किंवा मधल्या भागात असेल तर मूळ बहुतेक तोंड-घशातच कुठेतरी असतं, टॉन्सिलच्या खाचेत नाहीतर जिभेच्या मुळाशी. मग आधी पेट करतात, त्यानंतर भूल देऊन दुर्बिणीने घसा तपासतात आणि संशयाच्या जागांचे तुकडे घेतात. हा क्रम महत्त्वाचा, कारण आधी तुकडे घेतले की त्या जखमाच पेटवर चमकायला लागतात. टॉन्सिल काढून तपासलं की कधी कधी आत मिलिमीटरभराचं मूळ सापडतं. आम्ही पी१६ चा रंग लावून बघतो, तो पॉझिटिव्ह आला तर एचपीव्ही व्हायरसशी संबंधित कॅन्सर असण्याची शक्यता मोठी आणि अशांचा निकाल चांगला लागतो. उपचार म्हणजे मानेतल्या गाठी ऑपरेशनने काढणं, रेडिएशन, आणि गाठी मोठ्या किंवा बऱ्याच असतील तर रेडिएशनसोबत सिस्प्लॅटिन. मूळ शेवटपर्यंत नाही मिळालं तरी यातले भरपूर लोक वर्षानुवर्षं चांगले राहतात. मात्र गाठ गळ्याखालच्या हाडाच्या (कॉलर बोनच्या) वर, त्यातही डाव्या बाजूला असेल तर हिशोब बदलतो, तिथे छाती किंवा पोटातून आलेलं असू शकतं. जर्मन पॅथॉलॉजिस्ट रुडॉल्फ फिरचोने १८४८ मध्येच हे लिहून ठेवलंय, आणि त्या गाठीला आजही त्याचंच नाव आहे.

बाकीचे ग्रुप पटापट सांगते. फक्त जांघेत स्क्वॅमस गाठ असेल तर गुदद्वार, जननेंद्रियं आणि पायाची त्वचा तपासून गाठी ऑपरेशनने काढतात, लागलं तर रेडिएशन. तरुण पुरुषाच्या छातीच्या मध्यभागी किंवा पोटात पाठीच्या कण्यालगत वेगाने वाढणारी गाठ आणि एएफपी किंवा एचसीजी वाढलेलं असेल तर तो जर्म सेल ट्यूमर (वृषणात वीर्यपेशी बनवणाऱ्या पेशींच्या जातीचा) धरून सिस्प्लॅटिनवाली केमो देतात, आणि अंगभर पसरलेला असूनही हा बरा होऊ शकतो, म्हणून अशा पोराला आठवडाभरसुद्धा ताटकळत ठेवू नये. म्हाताऱ्या माणसाच्या हाडांत पांढरे डाग आणि पीएसए खूप वाढलेलं असेल तर प्रोस्टेट समजून हार्मोनचं इंजेक्शन. आयएचसीत मोठ्या आतड्याचा पॅटर्न आला तर आतड्याची केमो, कोलोनोस्कोपीत काही नाही दिसलं तरी. न्यूरोएन्डोक्राईन (हार्मोन बनवणाऱ्या पेशींचा) निघाला तर त्याची वेगळीच लाईन आहे. आणि सगळ्या अंगात मिळून एकच गाठ असेल, मेंदूत किंवा फुफ्फुसात एखादी, तर ती काढून टाकणं किंवा तेवढ्याच जागी नेमकं रेडिएशन देणं हा खरोखर विचार करण्यासारखा पर्याय असतो.

उरले ८० टक्क्यांच्या आसपास. लिव्हरमध्ये चार-पाच गाठी, हाडांत काही, फुफ्फुसात काही. नातेवाईकांचा पहिला प्रश्न असतो, "काढून टाकता येत नाही का हो?" समजण्यासारखं आहे, गाठ दिसतेय, सर्जन आहे, मग काढा. पण दिसतायत त्या गाठी काढल्या तरी न दिसणाऱ्या पेशी रक्तातून आधीच फिरलेल्या असतात, आणि मोठ्या ऑपरेशननंतर जखम भरेपर्यंत केमो देता येत नाही, त्या मधल्या आठवड्यांत बाकीच्या गाठी वाढत राहतात. यांच्यात ऑपरेशन होतं ते त्रास कमी करायला. मांडीचं हाड मोडायच्या बेतात असेल तर आत रॉड टाकणं, आतडं बंद पडलं असेल तर वाट मोकळी करणं. मणक्यातली गाठ मज्जारज्जू दाबायला लागली असेल, पाय लटपटतायत, लघवी अडलीय, तर मात्र ती इमर्जन्सी आहे, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं.

यांची मुख्य ट्रीटमेंट केमो. मूळ माहीत नसताना औषध कसं निवडतात? तर अशी दोन औषधं जोडीने देतात जी बऱ्याच वेगवेगळ्या कॅन्सरवर चालतात. नेहमीची जोडी म्हणजे पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, दर २१ दिवसांनी, किंवा सिस्प्लॅटिन आणि जेमसायटाबिन. नावात प्लॅटिन आहे त्या औषधात खरंच प्लॅटिनम धातू असतो. अमेरिकेत मिशिगनला बार्नेट रोझेनबर्ग नावाचा शास्त्रज्ञ विजेचा जीवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होता, आणि जीवाणूंचं विभाजनच थांबलं, नुसते लांबच लांब होत गेले. कारण वीज नव्हतीच, त्याच्या प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडमधून सुटलेलं संयुग होतं. हे १९६५ मध्ये छापून आलं आणि १९७८ मध्ये सिस्प्लॅटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली. ते पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं, डीएनएची नक्कल नीट होत नाही आणि पेशी मरते. कार्बोप्लॅटिन हे त्याचंच नंतरचं भावंड, किडनीला कमी त्रास देणारं.

आणि पॅक्लिटॅक्सेलची गोष्ट तर आपल्या माणसाची आहे, जी दुर्दैवाने आपल्याकडे फार कुणाला माहीत नाही. पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून हे औषध वेगळं काढून त्याची रचना १९७१ मध्ये ज्यांनी मांडली त्यांत मन्रो वॉल यांच्या जोडीला मनसुख वाणी होते, जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, काम अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात. पेशी विभागताना आत जे दोर तयार होतात ते हे औषध गोठवून टाकतं. याच जोडीने कॅम्प्टोथेसिनपण शोधलं, ज्याच्यापासून पुढे इरिनोटेकॅन आलं, तेही आतड्याच्या केमोत वापरतात. नंदुरबारच्या शाळांत यांचा फोटो असायला हवा खरं तर.

केमोचा दिवस कसा असतो? आधी रक्ततपासणी, काउंट आणि क्रिएटिनिन, कार्बोप्लॅटिनचा डोस किडनीच्या कामावरून काढतात. मग अ‍ॅलर्जी आणि उलटीची इंजेक्शनं, मग पॅक्लिटॅक्सेल साधारण तीन तास, मग कार्बोप्लॅटिन, बहुतेक जण संध्याकाळी घरी. केस जातात, परत येतात. हातापायाला मुंग्या येतात, बटण लावताना बोटांना कळत नाही असं झालं तर पुढच्या वेळी डॉक्टरांना आवर्जून सांगायचं, सहन करत बसायचं नाही. दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पांढऱ्या पेशी खाली जातात, आणि त्या काळात ताप १००.४ च्या वर गेला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी हॉस्पिटल. केमोच्या पेशंटसाठी एकच सूचना पाठ करायची असेल तर ही करा. दोन-तीन सायकलनंतर स्कॅन होतो, गाठी लहान होतायत किंवा थांबल्यात तर चार ते सहा सायकलपर्यंत जातात, वाढतायत तर बदलतात नाहीतर थांबवतात.

मग जीन टेस्टवरून मूळ ओळखून त्याप्रमाणे औषध दिलं तर जास्त फायदा होईल ना? ऐकायला एकदम बरोबर वाटतं, पण निकाल गमतीशीर आलेत. २०१९ मध्ये जपानमधल्या एका अभ्यासात निम्म्या पेशंटना जीन टेस्टने ओळखलेल्या मुळाप्रमाणे औषध दिलं आणि निम्म्यांना सरसकट पॅक्लिटॅक्सेल-कार्बोप्लॅटिन, वर्षाअखेरीस फारसा फरक नाही. त्याच वर्षी युरोपातल्या एका ट्रायलमध्येही तेच. एक कारण असं की ओळखलेलं मूळ पुष्कळदा स्वादुपिंड, पित्तनलिका असं निघतं, ज्यावर मुळात औषधंच कमी चालतात, नाव कळून काय करणार. मग २०२४ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या हॉस्पिटलमधल्या १८२ पेशंटचा निकाल आला, तिथे मात्र मुळाप्रमाणे उपचार घेतलेल्यांचा आजार सरासरी ९.६ महिने आटोक्यात राहिला, सरसकट केमोवाल्यांचा ६.६. त्याच वर्षी क्युपिस्को नावाची मोठी ट्रायल आली, त्यात मूळ शोधायच्या भानगडीतच न पडता गाठीत कुठला जीन बिघडलाय ते बघून औषध दिलं, त्यांचा आजार ६.१ महिने आटोक्यात राहिला, केमोवाल्यांचा ४.४. म्हणजे फायदा आहे, पण महिन्यांचा. कुणी जर तुम्हाला ही टेस्ट करा म्हणजे बरं होईल असं सांगत असेल तर हे आकडे समोर ठेवून विचारा.

तरी जीन टेस्ट करण्यासारखी का, तर काही थोड्या लोकांत असा बिघाड सापडतो की कॅन्सर कुठलाही असो, औषध तेच चालतं. एमएसआय-हाय (पेशीची डीएनएतल्या चुका दुरुस्त करायची सोय बिघडलेली) असेल तर इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं औषध, याला अमेरिकेत २०१७ मध्ये परवानगी मिळाली, कुठल्या अवयवातला कॅन्सर हे न बघता दिलेली ती पहिली परवानगी. एनटीआरके, बीआरएएफ, आरईटी, एचईआर२ असे जीनही आहेत. जपानने तर २०२१ मध्ये निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध थेट अननोन प्रायमरीसाठीच मंजूर केलं. एमएसआयचा अंदाज साध्या आयएचसीवर चार रंग लावून पण येतो, तो आधी विचारा, मोठ्या जीन पॅनेलपेक्षा बराच स्वस्त पडतो. महागडं करण्याआधी डॉक्टरांना एवढंच विचारायचं: यात काही सापडलं तर ते औषध आम्हाला मिळेल का, परवडेल का?

किती दिवस, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात असतो आणि पेशंटसमोर कुणी काढत नाही. या मोठ्या ग्रुपमध्ये दोन गोष्टींवरून ढोबळ अंदाज येतो. पेशंट स्वतःचं स्वतः करतोय का, हिंडतोय-फिरतोय का, आणि रक्तातलं एलडीएच (पेशींचं नुकसान झालं की वाढणारं एक एन्झाईम) नॉर्मल आहे का. फ्रान्समधल्या एका जुन्या अभ्यासात दोन्ही ठीक असलेल्यांचं आयुष्य मध्यावर साधारण वर्षभर निघालं, नसलेल्यांचं चार महिने. मध्यावर म्हणजे निम्मे लोक त्याच्या पुढे गेले, काही बरेच पुढे, हे पण तितकंच खरं. जो पेशंट अंथरुणाला खिळलाय, त्याला केमो देऊन बहुतेक वेळा त्रासच वाढतो, आणि डॉक्टर तसं म्हणाले तर ते हात झटकतायत असं समजू नका. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे दुखणं, धाप, उलटी यांचा रीतसर उपचार, तो केमोसोबत पहिल्या दिवसापासून चालतो. मॉर्फिनची गोळी २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर हॉस्पिटलांना ठेवणं सोपं झालंय, ती दुखण्यासाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली नीट घेतली तर सहसा व्यसन लागत नाही, घरात कुणी तसं म्हणून पेशंटला रात्रभर कण्हत ठेवू नका.

शेवटी मुली हळूच विचारतात, आम्हाला होईल का. बहुतेक अननोन प्रायमरी आनुवंशिक असल्याचा काही पुरावा नाही. पण आईचा कॅन्सर काखेतला ब्रेस्टसारखा किंवा पोटातला अंडाशयासारखा असेल तर तिची बीआरसीएची (घराण्यात उतरणाऱ्या ब्रेस्ट-अंडाशयाच्या कॅन्सरच्या जीनची) टेस्ट करून घ्यायची, रक्तावर होते, ती जिवंत असतानाच करायला हवी कारण सुरुवात तिच्यापासून केली तरच बाकीच्यांचं नीट कळतं. पॉझिटिव्ह आली तर मुली, बहिणी आणि मुलगे पण, सगळ्यांनी जेनेटिक काउन्सेलरला भेटायचं. निगेटिव्ह आली तरी चाळिशीनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने मॅमोग्राफी, आणि काखेत गाठ लागली तर ती सुईने तपासून घ्यायची.